‘पल्स मोजली’ म्हणजे नेमकं काय केलं?

मोर्शीकडच्या एका आयटीआयच्या विद्यार्थ्याने विचारलंय: “संत्र्याच्या बागेतल्या तीन टाक्यांवर अल्ट्रासॉनिक सेन्सर लावून अर्डुइनोवर (प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डवर) पाण्याची पातळी पाहतो. वहीत ‘पल्स विड्थ’साठी ‘नाडीची रुंदी’ लिहिलं तर सारे हसले. बरोबर शब्द कोणता? आणि पल्स आली म्हणायचं की आला?”

हसणारच. आपल्याकडे नाडी म्हटलं की आधी पायजमा आठवतो, मग वैद्य. गंमत म्हणजे जुन्या कालगणनेत नाडी हे वेळेचंच माप होतं, अहोरात्राचा साठावा भाग, म्हणजे 24 मिनिटं. तुझी पल्स, म्हणजे सेन्सरने आवाज सोडल्यापासून तो पाण्यावर आपटून परत येईपर्यंत चालू राहणारा विजेचा संकेत, काही हजार मायक्रोसेकंदांत आटोपते, तेव्हा नाडी सोडूनच दे. भाषांतराच्या यंत्राने ‘कडधान्याची रुंदी’ दिली नाही हे नशीब. इंग्रजीत डाळीचं आणि ठोक्याचं स्पेलिंग एकच, पण मुळं वेगळी: एक लॅटिनमधल्या लापशीवरून आलंय, दुसरं आपटण्या-ठोकण्यावरून.

पल्सला ‘स्पंद’ हा शब्द चांगला आहे. अडतं ते रुंदीपाशी. ऑसिलोस्कोपच्या, म्हणजे विजेचे चढउतार दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर वेळ आडवी धावते, म्हणून जास्त टिकलेली पल्स रुंद दिसते. मराठीत वेळ रुंद होत नाही. पाऊस लांबतो, भाषण लांबतं, स्वर दीर्घ असतो; रुंद असतो तो बांध. घरी “लाईन किती वेळ होती?” असंच विचारतात ना? आली तेव्हापासून गेली तोवर. तुझ्या सेन्सरच्या एको पिनवरही, जिथून ही पल्स बाहेर येते तिथे, तेच चालतं. म्हणून वहीत ‘स्पंदकाळ’ लिही आणि बोलताना ‘पल्स किती वेळ टिकली’ म्हण.

खरी गोम ‘मोजणे’ या क्रियापदात आहे, आणि ती तू विचारलीच नाहीस. आपण माणसंही मोजतो आणि जमीनही मोजतो. डॉक्टर नाडी मोजतो, म्हणजे मिनिटाला किती ठोके ते पाहतो. एक ठोका किती वेळ टिकला ते नाही. मी एकदा एका पोराला “एकोची पल्स मोज” सांगून चहाला गेलो. परत आलो तर ते रडकुंडीला आलेलं. “सर, काही केलं तरी 1च येऊन रायला!” त्याने पल्स गिनल्या होत्या. एका ट्रिगरला, म्हणजे आवाज सोडायच्या एका इशाऱ्याला, एकच एको, दुसरा आकडा येणार कुठून? चूक माझ्या वाक्याची होती.

आपल्या वऱ्हाडी बोलीत हा भेद आहे बरं का. नोटा गिनतात, कापड मोजतात. हिंदीची सावली म्हणून कोणी नाक मुरडेल, पण इथे ती कामाची आहे. उद्या पाइपात वायएफ-एस 201 हा प्रवाहमापक बसवलास, तर त्याच्या पल्स गिनाव्याच लागतील, लिटरला साधारण 450. वहीत मात्र एका ठिकाणी ‘स्पंदांची गणना केली’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘स्पंदकाळ मोजला’ असं लिही.

तुझ्या प्रश्नासोबतच्या मसुद्यात ‘तिन्ही सेन्सर एकाच वेळी मोजले’ असंही वाक्य आहे. ‘पल्सइन’ हे पल्सची वेळ मोजणारं अर्डुइनोचं फंक्शन वापरलं असशील तर ते खरं नाही. ते एका पिनवर डोळे लावून बसतं. वेळमर्यादा दिली नाही आणि वायर उंदराने कुरतडली असेल, तर पूर्ण 1 सेकंद तसंच बसून राहतं. तिथे ओलिताचा शब्द हवा: पाळीपाळीने. एचसी-एसआर 04 या अल्ट्रासॉनिक सेन्सरसाठी ते बरंही, दोन ट्रिगरमध्ये 60 मिलिसेकंद सोडले की एकाचा आवाज दुसऱ्याच्या कानात जात नाही. इंटरप्ट (पिनवर बदल होताच बोर्डाला चालू काम थांबवून तिकडे पाहायला लावणारी सोय) वापरून पल्स चढली ती वेळ आणि उतरली ती वेळ टिपून वजाबाकी करणार असशील, तर ‘स्पंदकाळ काढला’ हे जास्त नेमकं.

जाता जाता, मायक्रोसेकंदांना 58 ने भागून सेंटिमीटर काढतात, ते 20 अंशांच्या आसपासच्या हवेचं गणित आहे. मे महिन्यात आपल्याकडे 45 अंशांत आवाज जास्त वेगाने धावतो, 2 मीटरवरचं पाणी सुमारे 192 सेंटिमीटरवर दिसेल आणि टाकी आहे त्याहून भरलेली वाटेल.

राहिलं लिंग. पल्स आली, स्पंद आला.