बाईंना विचारा: नऊ बादल्यांचा हिशोब

थंडी सुरू झाली की या सदराकडे येणारी निम्मी पत्रं गरम पाण्याची असतात. कऱ्हाडला आयटीआयमध्ये मी वायरमनचा ट्रेड शिकवत होते, तेव्हाही पोरं डिसेंबरातच गिझर उघडायला आणायची, कारण तो डिसेंबरातच बंद पडतो. आधी कोणी बघत नाही ना. यंदाच्या गठ्ठ्यातून चार पत्रं घेतली आहेत. पहिल्याला जास्त जागा दिली आहे, कारण त्या एका घरात चार घरांचे प्रश्न आहेत.

प्रश्न : बाई, नमस्कार. आमचं मिरजेत स्वतःचं घर आहे, तळमजला आणि वर एक मजला. माणसं सहा. तीन बाथरूम, दोन गिझर, त्यातला एक पंधरा वर्षांचा. पावसाळ्यात महिन्याला १८०-१९० युनिट होतात, डिसेंबर-जानेवारीत ३२०. मुलगा म्हणतो, सोलर बसवू. धाकटे दीर मेलबर्नला असतात, ते म्हणतात हीट पंपच घ्या, इकडे आता सगळे तेच घेतात. सासरे म्हणतात, परसातल्या बंबाला काय धाड भरलीय? पाणी बोअरचंही आहे आणि नळाचंही. सरकारी अनुदान मिळतं का? नेमकं कोणाचं ऐकू? – एक सूनबाई, मिरज

उत्तर : सूनबाई, आठवडाभर कोणाचंच ऐकू नका. आधी बादल्या मोजा. दुकानात गेल्यावर तो विचारतो "माणसं किती?" आणि तुमच्या तोंडाकडे बघून तीनशे लिटरचं यंत्र दाखवतो. माणसं मोजून काही कळत नाही. कोणी एका बादलीत उरकतो, कोणी शॉवरखाली गाणी म्हणतो.

तुमच्याकडे दरमाणशी दीड बादली धरू. म्हणजे नऊ बादल्या. बादली २० लिटरची, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी थंडीत २० अंशांवर आणि अंगावर घ्यायचं ४० अंशांवर. २० लिटर गुणिले २० अंश, ४०० किलोकॅलरी. एक युनिट वीज म्हणजे ८६० किलोकॅलरी. म्हणजे बादलीला अर्ध्या युनिटला थोडं कमी. गिझरच्या अंगातून जाणारी ऊब धरून अर्धं युनिट पकडा. नऊ बादल्यांना रोज साडेचार, महिन्याला १३५. आता तुमच्या १८५ मध्ये हे १३५ मिळवा. ३२०! पावसाळ्यातही तुम्ही थोडं पाणी तापवताच आणि थंडीत पंखे बंद असतात, त्यामुळे हिशोब थोडा मागेपुढे होईल, पण चोर हाच. शिवाय आपल्याकडे १०० च्या पुढचं युनिट महाग आणि ३०० च्या पुढचं त्याहून महाग, म्हणून हे शेवटचे युनिट बिलात जास्त टोचतात.

मुलाचं म्हणणं, म्हणजे उन्हावर पाणी तापवणारा सोलर, तुमच्या घराला लागू पडतं. गच्ची तुमची, ऊन मिरजेचं. फक्त आकार बेताचा घ्या. सोलरमधलं पाणी ६० अंशांवर असलं, तर ९० लिटरमध्ये ९० लिटर थंड मिसळून तुमच्या नऊ बादल्या होतात. कागदावर १०० लिटरची टाकी पुरते. पण थंडीत ६० चा काटा रोज गाठला जात नाही आणि पाहुणे काही विचारून येत नाहीत. १५० लिटर घ्या, त्याच्या वर जाऊ नका.

आता पाण्याकडे या, कारण सोलर उन्हाअभावी कमी आणि क्षारामुळे जास्त मरतो. बोअरचं पाणी तापलं की त्यातला चुना भांड्याच्या तळाशी बसतो, तसाच यंत्रातही बसतो. सपाट पेटीच्या सोलरमध्ये तांब्याच्या बारीक नळ्या असतात, त्या चोंदल्या की सोलर नावापुरता उरतो. काचेच्या नळ्यांचा प्रकार बोअरच्या पाण्याला जास्त दिवस तोंड देतो, पण तोही तळाला खडी धरतोच. तुमच्याकडे नळाचं पाणी आहे ना? मग गच्चीवर नळाच्या पाण्याची टाकी वेगळी ठेवा आणि सोलरला तीच जोडा. संडास, बाग, धुणं बोअरवर. प्लंबर कुरकुर करेल, करू द्या. आणि ही टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंचावर हवी, नाहीतर पाणी चढणारच नाही.

पाइपाकडे कोणी बघत नाही. पाऊण इंची पाइप मीटरला साधारण पाव लिटर पाणी धरतो. गच्चीवरून तळमजल्याच्या बाथरूमपर्यंत १४ मीटर धरले, तर आधी साडेतीन लिटर थंड पाणी येणार आणि आंघोळ झाल्यावर तेवढंच गरम पाणी पाइपात निवत बसणार. म्हणून सोलरचा स्टँड गच्चीच्या त्या कोपऱ्यात ठेवा, ज्याच्या बरोबर खाली बाथरूम आहेत. गच्चीच्या मधोमध शोभेला नको. पाइपाला फोमचं आवरण घाला आणि पाइप सीपीव्हीसीचाच, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकचाच घ्या. आमच्या गल्लीत एकाने पैसे वाचवायला गार पाण्याचा साधा पांढरा पाइप लावला होता. एप्रिल उजाडेपर्यंत तो दोन क्लॅम्पच्या मधे जानव्यासारखा लोंबत होता.

ढगाळ दिवसांसाठी दुकानदार सोलरच्या टाकीतच कॉइल बसवून देतो. ती घेऊ नका. एका बादलीसाठी ती सगळे १५० लिटर तापवते. पावसाळ्यात २५ वरून ६० अंशांवर न्यायचं म्हणजे सहा युनिट! त्यापेक्षा तुमच्या दोन गिझरपैकी नवा असलेला जागेवर राहू द्या आणि सोलरचं पाणी त्याच्यातून येऊ द्या. पाणी गरम असेल तर त्याचा थर्मोस्टॅट चालूच होणार नाही, कोमट असेल तर उरलेलं तेवढं तापवेल. पंधरा वर्षांचा मात्र काढा. त्याच्या आतला मॅग्नेशियमचा रॉड केव्हाच झिजून गेला असणार आणि त्यानंतर गंज टाकीलाच खातो.

काचेच्या नळ्यांबद्दल एक माझ्याच घरचं सांगते. आमच्या गच्चीवर सोलर बसवायला माझाच एक जुना विद्यार्थी आला होता. सकाळपासून नळ्या उन्हात लावून ठेवल्या, मग जेवला, आणि दुपारी दोनला पाणी सोडलं. चार नळ्या फटाफट गेल्या. रिकामी नळी उन्हात भट्टीसारखी तापते, त्यात गार पाणी पडलं की काच टिकत नाही. पाणी भरायचं ते सकाळी सातच्या आत किंवा ऊन उतरल्यावर. त्याला हे मी वर्गात शिकवलं नव्हतं, हेही कबूल करते. अभ्यासक्रमात नव्हतं.

दीरांचं म्हणणं चुकीचं नाही, फक्त ते मेलबर्नचं आहे. फ्रिजच्या पाठीला हात लावून बघा, गरम लागते ना? आतली उष्णता उपसून तो बाहेर टाकतो. हीट पंप हवेतली उष्णता तशीच उपसून पाण्यात टाकतो. एक युनिट वीज घेऊन तीन युनिटांइतकी ऊब देतो आणि आपल्याकडची हवा उबदार म्हणून आपल्याकडे तो जास्तच चांगला चालतो. पण मी चौकशी केली तेव्हा किंमत लाखाच्या पुढे होती. आणि त्याचा सुटा भाग गेला की मिरजेत कोण बसवणार, हे घेण्याआधी विचारा. वसतिगृह, दवाखाना, लॉज, जिथे दिवसभर गरम पाणी लागतं आणि गच्ची पुरत नाही, तिथे मी डोळे झाकून हीट पंप सांगेन. नऊ बादल्यांना नाही.

अनुदानाचा लोक फार घोळ करतात. केंद्राचं पाणी तापवायच्या सोलरवरचं अनुदान २०१४ सालीच बंद झालं. २०२४ मध्ये आलेली पीएम सूर्यघर योजना ही वीज बनवणाऱ्या पॅनेलसाठी आहे: १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६०, ३ किंवा जास्त असेल तर ७८ हजार. आता गंमत बघा. तुम्ही पुढेमागे तीन किलोवॅटची पॅनेलं लावणारच असाल, तर त्यातून रोज बारा युनिटांच्या आसपास वीज मिळेल आणि नऊ बादल्या तापवून ती उरेल. मग हा सगळा सोलर, स्टँड, पाइप कशाला? चांगला पाच स्टारचा गिझर लावा आणि झोपा. पॅनेलं लावायची नसतील तरच वरचं सगळं वाचा. हे मी आधी सांगायला हवं होतं, पण मग तुम्ही बादल्या मोजल्या नसत्या.

आणि बंब मोडीत घालू नका. तांब्याचा असेल तर मोडवाला गोड बोलेल, त्याच्याकडे दुर्लक्ष करा. रोज धूर खायचं सासऱ्यांचं वय नाही, पण दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला तो पेटवू द्या त्यांना. नारळाच्या शेंड्या आणि करवंट्या आत्तापासून साठवा.

प्रश्न : आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याला अकरा मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. सोसायटीचं सोलर आहे, वरच्यांना चटके बसतील असं पाणी येतं. आमच्याकडे दोन बादल्या सोडल्यावर कोमट येतं. शेवटी आम्ही गिझरच लावतो. मेंटेनन्स मात्र सगळ्यांना सारखा! – पुणे ४१

उत्तर : तुमचा राग रास्त आहे आणि दोन बादल्यांचा हिशोबही बरोबर आहे. दीड इंची उभा पाइप मीटरला लिटरभर पाणी धरतो. नऊ मजले म्हणजे सुमारे २७ मीटर, म्हणजे रात्रभर गार झालेलं तीस लिटर पाणी तुमच्या नळातून आधी बाहेर पडणार. त्यात घरातला पाइप वेगळा. कमिटीला सांगायचं ते हे: उभ्या पाइपाच्या खालच्या टोकापासून वरच्या टाकीपर्यंत परतीची लाइन टाका आणि तिच्यावर एक छोटा पंप, टायमर लावून. पहाटे साडेपाचला तो पाणी फिरवायला लागला की सहाला दुसऱ्या मजल्यालाही गरम. डक्टमध्ये जागा असते, इच्छा नसते. तोपर्यंत एक फुकटचा उपाय: वरचे चार-पाच फ्लॅट आंघोळीला बसले की मग तुम्ही बसा, तोवर पाइप त्यांनी तापवलेला असतो. सगळ्यांच्या आधी उठून नळ सोडलात, तर तुम्ही सगळ्या इमारतीचं गार पाणी उपसताय, हे लक्षात येतंय ना?

पण त्याआधी एक तपासणी करा, कारण अशा इमारतींत निम्म्या वेळा रोग वेगळाच निघतो. तुमच्या फ्लॅटला येणाऱ्या गरम लाइनचा कॉक बंद करा आणि गरम पाण्याचा नळ सोडा. पाणी थांबायला हवं. तरीही येत राहिलं, तर घरातल्या कुठल्यातरी मिक्सरमधून गार पाणी गरम लाइनमध्ये घुसतंय. बहुतेक वेळा हँडशॉवरचं तोंड दाबून बंद केलेलं असतं आणि मागचे दोन्ही नळ उघडेच राहिलेले असतात. असा एक मिक्सर आठव्या मजल्यावर असला तरी खालच्या सगळ्यांचं पाणी कोमट होतं. प्रत्येक फ्लॅटच्या गरम लाइनवर एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, बसवला की हे थांबतं. खर्च फार नाही. भांडणाला जितका वेळ जातो त्याहून कमी वेळात बसतो.

कमिटी ऐकत नसेल तर मिळकतकराची आठवण करून द्या. महापालिका सौर प्रकल्पासाठी करात सूट देते ती तो चालू असेल तर.

प्रश्न : भाड्याच्या खोलीत मालकाने गॅस गिझर बाथरूमच्या आतच बसवलाय. थंडी वाजते म्हणून वरची खिडकी पुठ्ठ्याने बंद केली आहे. गॅस गिझर विजेपेक्षा स्वस्त पडतो का? – नाशिक

उत्तर : पुठ्ठा आज काढा. हे वाचून झाल्यावर नाही, आत्ता. बंद खोलीत ज्योतीला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, पाय लुळे पडतात आणि दाराची कडी काढायचं भान राहत नाही. दर हिवाळ्यात पेपरात अशी बातमी येते, आणि माणूस बहुतेक तरुण असतो.

गिझर बाथरूमच्या बाहेर, बाल्कनीत किंवा उघड्या भिंतीवर हवा. आत फक्त पाण्याचा पाइप यावा. मालक तयार नसेल तर दार उघडं ठेवून बादली भरून घ्या, गिझर बंद करा, मग आत जाऊन दार लावा. एक्झॉस्ट फॅनच्या भरवशावर राहू नका.

राहिला प्रश्न स्वस्ताचा. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये वरच्या मिरजेच्या बादलीच्या मापाने साधारण तीनशे बादल्या तापतात. सिलिंडरच्या किमतीला तीनशेने भागा, आणि तुमच्या बिलातल्या युनिटच्या दराच्या निम्म्याशी ताडून बघा. बऱ्याच घरांत गॅस स्वस्त निघेल. तरी माझं वरचं सांगणं तसंच राहील.

प्रश्न : मी लातूरला क्लाससाठी राहतो. रूममेट म्हणतो रॉड फार करंट खातो, गिझरवाली खोली बघू. भाडं आठशेनं जास्त आहे. – अकरावीतला विद्यार्थी

उत्तर : बाळ, रूममेटला वरचं मिरजेचं गणित दाखव. बादलीला अर्धं युनिट, ते रॉडलाही लागू आहे. किंबहुना रॉड गिझरपेक्षा कमीच खातो, कारण टाकी नाही, पाइप नाही, रात्रभर काही निवत बसत नाही. हजार वॅटचा रॉड असेल तर अर्ध्या तासात बादली तयार. तो करंट खातो असं वाटतं, कारण तुम्ही तो लावून गच्चीवर अभ्यासाला जाता आणि पाणी उकळतं.

खोली बदलू नकोस, पण रॉड आयएसआयचा घे आणि सॉकेटला अर्थिंग आहे का ते वायरमनकडून बघून घे. बादली लोखंडी नको. प्लास्टिकची असेल तर रॉड तिच्या अंगाला टेकू देऊ नकोस. आधी रॉड पाण्यात, मग प्लग. काढताना आधी प्लग, मग रॉड. आणि पाणी तापलं का बघायला बोट घालायचं ते बटण बंद करून नाही, प्लग काढून हातात घेऊन. जुन्या वायरिंगमध्ये बटण न्यूट्रलवर निघतं, म्हणजे बटण बंद असलं तरी रॉडपर्यंत करंट असतोच. मी स्वतः वर्गात पोरांसमोर एक झटका खाल्लाय.