अपघात डोळ्यासमोर झाला, पण आता आठवण बदलतेय… मी खोटी साक्ष दिली का?

हा प्रश्न मला खूप जण विचारतात, म्हणून एका ताईंचं सांगते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). त्यांच्या डोळ्यादेखत कार आणि बाईकची धडक झाली, बाईकवाला जागीच गेला. पोलिसांना त्यांनी लगेच ठामपणे सांगितलं की कारला सिग्नल लाल होता. नंतर तिथेच असलेल्या दुसऱ्या एकाशी बोलणं झालं, तो म्हणाला पिवळा होता, आणि तेव्हापासून ह्यांनाही डोळे मिटले की पिवळाच दिसायला लागला. "मॅडम, माझ्यामुळे एखादा निर्दोष माणूस अडकला तर?" झोप पार उडालेली.

अहो, खोटं बोलणं म्हणजे माहीत असून वेगळं सांगणं, इथे तसं काहीच झालेलं नाही. आपण आठवतो तेव्हा मन तो प्रसंग परत जुळवतं आणि त्यात नंतर ऐकलेलं, व्हिडिओत पाहिलेलं, लोकांनी सतरांदा विचारलेलं असं सगळं बेमालूम मिसळतं. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्राच्या संशोधकांनी विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवली, मग स्पीड किती होता हे विचारताना काहींना साधा 'धडकल्या' असा शब्द वापरला तर काहींना 'जोरात आदळून चुराडा झाला' अशा अर्थाचा. आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली का? जोरदार शब्द ऐकलेल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले, साधा शब्द ऐकलेल्या ५० पैकी ७, आणि फिल्ममध्ये फुटलेली काच नव्हतीच! फक्त एका शब्दाने एवढा फरक पडतो, मग समोर माणूस गेलाय, अंग थरथरतंय, तिथे काय होत असेल.

ताईंनी विचारलं, मग खरा रंग कुठला? ते मी सांगू शकत नाही आणि डोळे मिटवून "आठवा, आठवा" असंही मी करून घेत नाही, कारण त्याने रिकाम्या जागा कल्पनेनं भरतात आणि खात्री मात्र वाढते. आम्ही एका कागदावर दोन भाग केले, स्वतः पाहिलेलं एकीकडे आणि नंतर कानावर आलेलं दुसरीकडे. दुसरा भागच मोठा निघाला. तुमच्यासमोर असं काही घडलं तर कोणाशी चर्चा करायच्या आधी, व्हिडिओ बघायच्या आधी, आठवतंय तेवढंच लिहून तारीख-वेळ टाका, आणि "नक्की आठवत नाही" म्हणायला अजिबात लाजू नका.

ताई वकिलांशी बोलल्या, मग तपास अधिकाऱ्यांना जाऊन आधी काय सांगितलं, नंतर कोणाकडून काय ऐकलं आणि आता रंगाची खात्री का नाही, हे सगळं त्यांनी सांगितलं. अपराधीपणा बराच कमी झालाय, पण धडकेचा तो आवाज अजून रात्री ऐकू येतो, त्यावर आमचं काम चालू आहे. तुम्हालाही महिना उलटून असं होत असेल तर अंगावर काढू नका, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.