निवाऱ्यातला माणूस पुढे कुठे जाणार?

प्रश्न : महापालिकेचा एक बेघर निवारा चालवायला घ्याल का, अशी विचारणा आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाकडे झाली आहे. तिथे बहुतेक एकटे पुरुष आहेत. कुणी लग्नकार्यात वाढपी म्हणून जातो, कुणी सकाळी मजूर अड्ड्यावर उभा राहतो. ओळखपत्राशिवाय कुणाला घेऊ नये आणि तीन महिन्यांची मुदत घालावी, असे काही सभासदांचे म्हणणे आहे. आपले मत काय? — एक वाचक, नाशिक

उत्तर : निवारा अवश्य घ्या, मात्र या दोन्ही अटी घालू नका.

फुटपाथवर झोपणाऱ्याचे कागद पावसात भिजतात, पिशवीसकट चोरीला जातात, किंवा जे घर त्याने सोडले तिथेच राहिलेले असतात. त्यामुळे ओळखपत्र मिळवून देणे हे निवाऱ्याचे पहिले काम आहे. ती प्रवेशाची अट होऊ शकत नाही. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाने ठरावीक नमुन्यात दिलेले प्रमाणपत्र आधार नोंदणीसाठी चालते. मतदार यादीसाठी तर बेघर माणसाला पत्त्याचा पुरावाही लागत नाही. नमुना ६ या नावनोंदणीच्या अर्जात लिहिलेल्या जागी तो खरोखर झोपतो का, हे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने एकाहून अधिक रात्री जाऊन पाहायचे असते. (इतका समजूतदार सरकारी नियम विरळाच, आणि तो माहीत असलेले कर्मचारीही विरळाच, म्हणून अर्जासोबत मंडळाचा एक माणूस जरूर पाठवा.)

आता मुदतीविषयी. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये बेघरांच्या निवाऱ्यांबाबत आदेश दिले आणि २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात त्यासाठी स्वतंत्र योजना आली. दर एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची सोय असलेला, बारमाही आणि चोवीस तास उघडा निवारा, माणशी ५० चौरस फूट जागा, असे २०२४ पर्यंत चाललेल्या त्या योजनेचे निकष होते. चोवीस तास हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण रात्री दीड वाजता पंगती आटोपून परतणारा वाढपी सकाळी झोपतो, आणि नऊच्या ठोक्याला दार बंद करणारा निवारा त्याच्या कामाचा नाही. तीन महिने संपले म्हणून त्याला बाहेर काढले, तर तो खोलीत न जाता पुन्हा पुलाखालीच जाईल. खोली भाड्याने घ्यायची तर अनामत हवी, पोलीस पडताळणीसाठी कागद हवेत, ओळखीचा माणूस हवा. शिवाय एकट्या, पन्नाशीच्या पुरुषाला खोली देताना घरमालक कां-कूं करतो ती वेगळीच. कॉट बेसिसवर खाट मिळाली, तरी काम नसलेल्या महिन्यात तीही जाते.

म्हणून माझी सूचना अशी, की मंडळाने जवळपास दोन-तीन खोल्या स्वतःच्या नावाने भाड्याने घ्याव्यात. बँकेत खाते उघडून काही महिने नियमाने शिल्लक टाकणाऱ्यांना तीन-तीन, चार-चार जणांच्या गटाने तिथे राहू द्यावे. भाड्यातला वाटा त्यांनी द्यावा आणि स्वयंपाक, सफाई, विजेचे बिल त्यांनीच सांभाळावे. अनामतीची रक्कम मंडळाची, म्हणजे एक गट बाहेर पडला की ती दुसऱ्याच्या कामी येते. निवाऱ्याच्या समितीतही राहणाऱ्यांचे दोन-तीन प्रतिनिधी मतासह घ्यावेत. माणसे हलतच नाहीत, ही तक्रार मला बहुधा तिथेच ऐकू येते, जिथे त्यांना कशातच विचारले जात नाही.

मानसिक आजाराने भरकटलेली व्यक्ती आढळल्यास तिला नुसते आत घेऊन थांबू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १०० नुसार अशा व्यक्तीला संरक्षणाखाली घेऊन चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत नेण्याची जबाबदारी पोलिसांवर आहे.

करारावर सही करण्यापूर्वी अनुदान कोणत्या शीर्षाखाली येते आणि हप्ता लांबला तर काळजीवाहकांचे पगार कशातून द्यायचे, हे लेखी घ्या. पहिल्या खर्चात प्रत्येकासाठी कुलपाचा एक कप्पा धरा. सामान चोरीला जाण्याच्या भीतीने कामाचा दिवस बुडवणारे कितीतरी जण असतात.