वाढीव हप्ता स्वीकारावा की विनातपासणी पॉलिसी घ्यावी?

आपल्या पत्राचा आशय असा: २० वर्षांच्या मुदत विम्यासाठी केलेल्या तपासणीत रक्तातील साखर वाढलेली आढळल्याने कंपनीने ५० टक्के वाढीव हप्ता मागितला आहे, गृहकर्ज मात्र याच सुमारास सहज मंजूर झाल्याने विमा कंपनीने आपल्या प्रकृतीवर घेतलेला हा संशय आपल्याला अन्यायाचा वाटतो, आणि आता तपासणीशिवाय मिळणारी पॉलिसी घेण्याकडे आपला कल आहे. माझे मत त्याविरुद्ध आहे.

कर्ज असो वा विमा, समोरच्याची जोखीम पत्करायची की नाही आणि पत्करल्यास कोणत्या दराने, हे ठरवणे म्हणजे अंडररायटिंग. कर्ज देणारा आपले उत्पन्न, चालू हप्ते आणि परतफेडीचा इतिहास पाहतो, शिवाय घर त्याच्याकडे तारण असते. विमा कंपनीकडे तारण नसते, आणि हमीच्या हप्त्याची पॉलिसी एकदा दिली की पुढे आपला आजार बळावला तरी तिला हप्ता वाढवता येत नाही. म्हणून तिची सारी चौकशी सुरुवातीलाच होते. हे आपल्या हिताचेच आहे.

विनातपासणी पॉलिसीत प्रकृतीची शंका असलेलेच अधिक येणार, हे गृहीत धरून दर चढा आणि विमा रक्कम लहान ठेवलेली असते. काही पॉलिसींत पहिल्या दोन वर्षांत नैसर्गिक मृत्यू झाल्यास केवळ भरलेले हप्तेच परत मिळतात. तपासणी नसली तरी अर्जात आजाराविषयी आणि पूर्वी कोणी हप्ता वाढवला होता का याविषयी प्रश्न असू शकतात. तेथे साखर लपवली, तर खरी छाननी दाव्याच्या वेळी होईल आणि खुलासा करायला आपण नसाल.

तरीही ५० टक्के हा आकडा अंतिम मानू नये. कारण लेखी मागवावे, एचबीए१सीचे (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणाऱ्या रक्तचाचणीचे) ताजे व जुने अहवाल देऊन फेरविचार मागावा, आणि प्रत्येक कंपनीचे निकष वेगळे असल्याने दुसरीकडेही सर्व माहिती उघड करून अर्ज करावा. हप्ता झेपत नसेल तर विमा रक्कम थोडी कमी करावी, पण ती शिल्लक गृहकर्जापेक्षा खाली जाऊ देऊ नये. सध्याच्या प्रस्तावाची स्वीकृतीची मुदत मात्र आजच तपासावी. ती उलटल्यास तपासणी पुन्हा करावी लागू शकते.