सरकारी यंत्रणा चांगली असली की परदेशी गुंतवणूक खरंच वाढते का?

वाढते. पण तुम्ही प्रश्नात 'भ्रष्टाचार कमी झाला की पैसा येतो' असं जे लिहिलं ना भाऊ, ते अर्धंच खरं आहे. कंपनीवाला लाचेचा हिशोब एकवेळ धरून ठेवते, त्याला खरी भीती आजचा नियम उद्या राहते का नाही याची.

आमच्या यवतमाळकडच्या कास्तकाराला हे वेगळं सांगायला नको. मार्च २०१२ मध्ये केंद्रानं कापूस निर्यातीवर एकाएकी बंदी आणली अन् आठवडाभरातच मागंही घेतली, तेवढ्यात आमची भरलेली गाडी जिनिंगच्या काट्यावर उभी अन् व्यापारी म्हणे आज भाव नाही सांगत. आता आम्ही कुठं जाऊ बाप्पा, वावर इथंच आहे. परदेशी कंपनी मात्र बॅग उचलून व्हिएतनामला जाते.

त्याच वर्षी व्होडाफोनचं झालं. २००७ मध्ये त्यांनी हचिसन कंपनीचा इथला मोबाईलचा धंदा घेतला, टॅक्सवाले मागं लागले, जानेवारी २०१२ ला सुप्रीम कोर्टात कंपनी जिंकली, तर सरकारनं बजेटमध्ये कायदाच बदलून टाकला, तोही पार १९६२ पासून लागू! शेवटी २०२० ला हेगच्या लवादानं कंपनीच्या बाजूनं निकाल दिला अन् २०२१ ला ती भानगड सरकारनंच रद्द केली. नऊ वर्षं.

आता उलटं पण आहे. अंगोला, नायजेरियात कारभार कसा का असेना, खाली तेल आहे म्हणून कंपन्या नाक दाबून जातात. कारखानेवाला तसा जात नाही, त्याला दुसरे दहा देश असतात.

अन् कोर्ट. कुठल्या देशात धंदा करणं किती सोपं, याच्या वर्ल्ड बँकेच्या २०२० च्या यादीत (ती यादी पुढं आकड्यांच्या घोळामुळं बंदच केली) भारत एकूण ६३ वा होता, पण करार पाळून घेण्यात १६३ वा. म्हणून तर एमआयडीसी, नागपूरचं मिहान असले कारखान्यांसाठी वेगळे कप्पे काढतात, तिथं प्लॉट तयार मिळते, तलाठ्याच्या दारात उभं राहावं लागत नाही.

त्या कंपनीला माल पुरवणारा मात्र कप्प्याच्या बाहेरच. बाबा गेल्यावर आमची वारस नोंद चौदा महिने अडकली, कधी साहेब मीटिंगला, कधी सर्व्हर डाऊन, सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून बँक लोन देईना, अन् तेवढ्यात दालमिलच्या मशीनचं कोटेशन दोनदा बदलून आलं.