अल्झायमर असलेली आई रोज संध्याकाळी "मला घरी जायचंय" म्हणून दाराशी जाते. काय करावं?

"अगं, हेच तुझं घर" हे पटवत बसू नका, नुसता वाद वाढतो. त्यांना बहुतेक माहेरचं घर हवं असतं. "चहा घेऊन निघू" म्हणा, तिथे कोण कोण असायचं ते विचारा. मेथीची जुडी निवडायला द्या. हात गुंतले की दार विसरतात. (भाजी कशी निवडलीय ते बघू नका!) अंधारायच्या आत दिवे लावा. कडी दाराच्या अगदी वर बसवा, पण एकट्यांना कोंडून कधीच जाऊ नका.

गोंधळ एक-दोन दिवसांतच अचानक वाढला तर आजार बळावला असं धरून चालू नका. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, नवं औषध, काहीही असू शकतं; लगेच डॉक्टरांना दाखवा.

आणि भावंडांकडून आठवड्यातली एक संध्याकाळ हक्काने मागून घ्या.