बोटीचं नंतर बघू, आधी तो बाँड परत करा

नागपूरच्या मनीष नगरातल्या एका वाचकाचं पत्र आलंय. वय ४१, बुटीबोरीला नोकरी, हातात महिन्याला ९० हजार, बायको घरी, मुलगी आठवीत, होम लोन ३१ लाख शिल्लक. मालवणकडे कर्ली खाडीत छोट्या होडीतून लुअर (नकली आमिष) टाकून जिताडा-तांबोशी धरायचा नाद लागलाय, वर्षातून चारदा तीन-तीन दिवस जातात. विचारतात की ४ लाख ८० हजारांची फायबर बोट इंजिनासकट पर्सनल लोनवर घेऊ का, मी नसताना तिथला मित्र भाड्याने देईल, हप्ता त्यातूनच निघेल.

आणि शेवटी सहज एक ओळ: "विम्याची काळजी नाही, एफडी मॅच्युअर झाली तेव्हा बँकेतल्या मॅडमनी एफडीसारखाच गॅरंटीड प्लॅन करून दिला, २४ लाखांचं कव्हर पण आहे, पॉलिसीचा बाँड गेल्या आठवड्यात कुरिअरने आला."

भाऊ, बोट राहू द्या बाजूला. तुम्ही दिलेले आकडे बघता तुम्ही एफडी नाही केली, विमा पॉलिसी घेतली, दहा वर्षं दरवर्षी २ लाख ४० हजार भरायचं कबूल करून बसलात! म्हणजे महिन्याला २० हजार, आणि होम लोनचा हप्ता वेगळा. एकूण भरणार २४ लाख, विसाव्या वर्षी मिळणार ४४ लाख. मॅडम म्हणाल्या असतील जवळपास डबल. मी हिशोब केला, चार टक्के पडतात, सेव्हिंग खात्यापेक्षा जरासे बरे. हेच पैसे पीपीएफच्या ७.१ टक्क्यांनी वाढले तर वीस वर्षांनी ७० लाखांच्या आसपास जातात (एका खात्यात वर्षाला दीड लाखच चालतात, उरलेले बायकोच्या खात्यात टाका). २५ लाखांचा फरक आहे आणि तुम्ही मला बोटीचं विचारताय.

कव्हरचं तर बोलूच नका. २४ लाखांत तुमचं होम लोनही फिटत नाही. उद्या तुम्हाला काही झालं तर बायको-मुलीच्या हातात कर्ज कापून काय राहील? दीड कोटीचा साधा टर्म प्लॅन (नुसतं कव्हर, शेवटी पैसे परत नाहीत) घ्या, तुमच्या वयाला वर्षाचे साधारण तीसेक हजार लागतील, तेही तब्येत ठीक असेल आणि सिगरेट नसेल तर. फॉर्ममध्ये छंद विचारतात तिथे होडी-मासेमारीचं खरं खरं लिहा, लपवलं तर क्लेमच्या वेळी घरच्यांनाच भोवेल.

आता नशीब म्हणा, बाँड हातात आल्यापासून ३० दिवस फ्री लूक, म्हणजे पॉलिसी परत करायची मुदत, असते. त्या मुदतीत कारण लिहून पॉलिसी परत केली तर स्टॅम्प ड्युटी, मेडिकल आणि तेवढ्या दिवसांच्या कव्हरचे पैसे कापून बाकी प्रीमियम परत येतो. तुमच्याकडे वीसेक दिवस असतील. अर्ज थेट विमा कंपनीकडे द्या, पोच घ्या, शिवाय मेल करा. मॅडमला फोन करू नका, त्या म्हणतील सर एक वर्ष तर चालू द्या, आणि तुम्ही भिडस्त माणूस दिसता. वर्षभराने सोडायला गेलात तर सरेंडरमध्ये भरलेल्यातला चांगलाच लचका जाईल.

बोटीचं दोन ओळीत. पाच वर्षांनी निम्म्या किमतीत विकली तरी वर्षाला ४८ हजार गेले, वर खाऱ्या पाण्यामुळे इंजिन दर फेरीनंतर गोड्या पाण्याने फ्लश करायचं, सर्व्हिसिंग, राखणीचे पैसे, असे धरा ३० हजार, लोनचं व्याज अजून वेगळं. वर्षाला ८० हजार घालून तुम्ही बोट वापरणार बाराच दिवस. तुम्हीच लिहिलंय की तिथला होडीवाला दिवसाचे ४ हजार घेतो, म्हणजे ४८ हजारात काम होतं आणि तिवराच्या मुळात अडकलेला लुअर सोडवायला माणूसही मिळतो. मी एकदा देवबागला माहीतगार न घेता गेलो होतो, ओहोटीला होडी वाळूवर टेकली आणि भरती येईपर्यंत तीन तास उन्हात बसलो, मासा शून्य. भाड्याने हप्ता निघेल ही आशा तर सोडाच, पैसे घेऊन माणसं न्यायची तर मेरीटाइम बोर्डाचं रजिस्ट्रेशन-लायसन लागतं, पावसाळ्यात धंदा बंद, आणि नागपुरात बसून तुम्ही हजार किलोमीटरवरच्या मित्राकडून हिशोब काय मागणार?

कुरिअरचं पाकीट फेकलं नसेल तर त्यावरची तारीख बघा, आणि मेल आज रात्रीच टाका.